हुकूमशहा सत्तेवर कसे आले आणि जग युद्धात कसं ओढलं गेलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाबद्दल विचारणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात: शाळेतली मुलं, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, आणि ज्यांना घरी जेवताना कुणाशी तरी झालेला वाद जिंकायचा असतो ते. तिसरा गट सर्वांत मोठा आहे. पुढचे प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, मग अडचणीचे. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे क्रमांक दिला आहे, त्यामुळे वाटेल तिथून वाचा.

१. राजा, लष्करशहा आणि हुकूमशहा यांत फरक काय?

राजाला गादी वारशाने मिळते आणि रूढी, धर्म, सरदार यांचा थोडा तरी लगाम त्याच्यावर असतो. लष्करशहा बंदुकीच्या जोरावर बसतो. लोकांनी घरात गप्प बसावं एवढीच त्याची अपेक्षा. मुसोलिनी-हिटलर यांच्या जातकुळीतल्या हुकूमशहाला मात्र लोक गप्प बसलेले चालत नसत. त्यांनी रस्त्यावर येऊन जयजयकार करायला हवा होता. पक्ष एकच, वर्तमानपत्रांचा सूर एकच, कामगार संघटना सरकारी आणि मुलांच्या संघटनाही सरकारी: इटलीत 'बालिल्ला', जर्मनीत 'हिटलर युगेंड'. रेडिओ तेव्हा नवा होता. १९३३ मध्ये जर्मनीत ७६ मार्कांचा स्वस्त संच मुद्दाम बाजारात आणला गेला, म्हणजे भाषण ऐकायला मैदानात जाण्याचीही गरज उरली नाही.

२. पहिल्या महायुद्धानंतर एवढे हुकूमशहा एकदम कुठून उगवले?

एकदम नाही, दोन लाटांत आले. पहिली लाट युद्धातून थेट आलेली: इटली १९२२, स्पेन १९२३, पोलंड, लिथुआनिया आणि पोर्तुगाल १९२६, युगोस्लाव्हिया १९२९. दुसरी १९२९ मध्ये सुरू झालेल्या महामंदीनंतरची: जर्मनी आणि ऑस्ट्रिया १९३३, एस्टोनिया आणि लॅटव्हिया १९३४, ग्रीस १९३६.

युद्धाने जर्मन, ऑस्ट्रो-हंगेरियन, रशियन आणि ऑटोमन अशी चार साम्राज्यं मोडली. त्यांच्या जागी घाईघाईत प्रजासत्ताकं उभी राहिली. खंदकांतून परतलेल्या लाखो तरुणांना मारामारीखेरीज दुसरा धंदा ठाऊक नव्हता. रशियातली क्रांती पाहून जमीनदार आणि कारखानदार धास्तावले होते. मध्यमवर्गाची पुंजी महागाईने खाल्ली. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क मोजावे लागत होते. आयुष्यभर पै-पै साठवलेल्या माणसाच्या पासबुकातली रक्कम पावाच्या तुकड्यालाही पुरत नव्हती. ज्या राजवटीत हे घडलं तिच्यासाठी छातीचा कोट करायला फारसं कुणी पुढे येईना, यात नवल नाही.

मंदी आली तिथे सगळीकडे हुकूमशाही आली, असं मात्र नाही. ते प्रश्न १० मध्ये.

३. मुसोलिनीने रोमवर चाल करून सत्ता बळकावली ना?

हे चित्र फॅसिस्टांनीच नंतर रंगवलं. २८ ऑक्टोबर १९२२ ला काळे सदरे घातलेले हजारो फॅसिस्ट रोमबाहेर पावसात भिजत होते. बऱ्याच जणांकडे धड हत्यारंही नव्हती. स्वतः मुसोलिनी मिलानमध्ये होता, स्वित्झर्लंडच्या सीमेपासून फार लांब नाही. पंतप्रधान लुइजी फाक्ता यांनी पहाटे लष्करी कायदा पुकारायचं ठरवलं, तसे कागदही तयार झाले. सकाळी ते सहीसाठी राजा व्हिक्टर इमॅन्युएल तिसरा याच्याकडे गेले आणि राजाने सही नाकारली. फाक्तांनी राजीनामा दिला. राजाचं बोलावणं आल्यावर मुसोलिनी रात्रीच्या रेल्वेने निघाला आणि ३० तारखेला सकाळी रोममध्ये उतरला. 'चाल' म्हणतात ती मिरवणूक त्यानंतर निघाली.

तेव्हा ५३५ जणांच्या संसदेत त्याच्या पक्षाचे ३५ खासदार होते. १९२३ मध्ये अचेर्बो कायदा झाला: ज्या यादीला सर्वाधिक आणि किमान २५ टक्के मतं मिळतील तिला दोन तृतीयांश जागा. १९२४ च्या निवडणुकीतली दंडेली समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती यांनी ३० मे रोजी सभागृहात उघड केली. १० जूनला त्यांना भर रस्त्यातून पळवून नेऊन ठार केलं. देश हादरला, विरोधकांनी सभागृहावर बहिष्कार टाकला आणि राजा काही तरी करेल म्हणून वाट पाहिली. राजाने काही केलं नाही. ३ जानेवारी १९२५ ला मुसोलिनीने जे घडलं त्याची सगळी जबाबदारी आपली असल्याचं सभागृहातच ठणकावून सांगितलं. खरी हुकूमशाही त्या दिवसापासून धरावी.

४. हिटलर निवडून आला होता की नाही? एका वाक्यात सांगा.

त्याचा पक्ष सर्वांत मोठा झाला, बहुमत त्याला मोकळ्या निवडणुकीत कधीच मिळालं नाही, आणि चॅन्सेलरपद, म्हणजे सरकारच्या प्रमुखाचं पद, राष्ट्राध्यक्षाच्या सहीने मिळालं.

आकडे पाहा. नाझींना १९२८ मध्ये २.६ टक्के मतं होती. मंदीनंतर १९३० मध्ये १८.३ टक्के, जुलै १९३२ मध्ये ३७.३. नोव्हेंबर १९३२ मध्ये हे प्रमाण ३३.१ वर घसरलं. चार महिन्यांत जवळपास २० लाख मतं गेली. पक्ष उतरणीला लागला असताना त्याला सत्ता मिळाली, ही गोष्ट वादात सहसा कुणी सांगत नाही. माजी चॅन्सेलर फ्रान्झ फॉन पापेन आणि त्याच्या गोटातल्यांनी ८५ वर्षांच्या राष्ट्राध्यक्ष हिंडेनबुर्ग यांची समजूत काढली. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच होते आणि पापेन उपचॅन्सेलर. गर्दी हिटलरची, कारभार आपला, असा त्यांचा हिशेब होता.

५. चॅन्सेलर झाल्यावर सगळी सत्ता हाती यायला किती वेळ लागला?

कायद्याने पाहिलं तर ५२ दिवस.

२७ फेब्रुवारी १९३३ ला राइशटागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत जळाली. दुसऱ्याच दिवशी भाषण, सभा, पत्रव्यवहाराची गुप्तता ही सगळी नागरी स्वातंत्र्यं वटहुकुमाने स्थगित झाली. घटनेच्या ४८ व्या कलमात राष्ट्राध्यक्षाला हा अधिकार होता आणि १९३० पासूनची सरकारं याच कलमावर चालत होती. म्हणजे संसदेला वळसा घालायची सवय हिटलरच्या आधीच लागलेली होती. ५ मार्चच्या निवडणुकीत विरोधकांची धरपकड करूनही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले.

मग २३ मार्च. राइशटाग जळालेलं, म्हणून सभा क्रोल ऑपेरागृहात भरली. संसदेला विचारल्याशिवाय सरकारने कायदे करावेत असा कायदा मांडला होता आणि त्याला दोन तृतीयांश मतं हवी होती. कम्युनिस्टांचे ८१ सदस्य तुरुंगात किंवा फरार. आतबाहेर तपकिरी गणवेशातले दंडेलखोर उभे. कॅथॉलिकांचा सेंटर पक्ष तोंडी आश्वासनांवर भुलला. लेखी हमीपत्र येणार होतं, ते आलंच नाही. सोशल डेमोक्रॅट नेते ओटो वेल्स एकटे विरोधात बोलायला उठले. स्वातंत्र्य आणि प्राण आमच्याकडून हिरावून घेता येतील, अब्रू नाही, असं ते म्हणाले. मतं पडली ४४४ विरुद्ध ९४. ते ९४ सगळे त्यांच्याच पक्षाचे.

जुलैपर्यंत बाकीचे पक्ष संपले. मुदत चार वर्षांची होती, ती वाढवत नेली. जर्मन प्रजासत्ताकाची वायमार घटना रद्द करण्याचे कष्ट कुणी घेतलेच नाहीत, ती कागदावर शेवटपर्यंत होती.

६. व्हर्सायचा तह नसता तर हिटलर नसता, हे बरोबर ना?

अर्धं बरोबर. पहिल्या महायुद्धानंतर जेत्यांनी लादलेल्या १९१९ च्या या तहाने जर्मनीचा सुमारे १३ टक्के भूभाग गेला, सैन्य एक लाखावर आलं आणि युद्धाचं खापर २३१ व्या कलमाने त्याच्या माथी फुटलं. अपमान खरा होता. पण तहानंतर नऊ वर्षांनी, १९२८ मध्ये, हाच अपमान हिटलर ओरडून सांगत होता आणि शंभरातले तिघेही त्याला मत देत नव्हते. युद्धखंडणी १९३२ च्या लोझान परिषदेत जवळपास संपुष्टात आली, तीही त्याच्या आधी. इटली तर जिंकलेल्यांच्या बाजूला होती आणि पहिला फॅसिस्ट तिथेच झाला. तहाने दारूगोळा पुरवला. तो पेटवला मंदीने, आणि दार उघडलं ते प्रश्न ४ मधल्या मंडळींनी.

७. हिटलरने बेकारी संपवली, रस्ते बांधले. एवढं तरी मान्य कराल?

बेकारीचा आकडा घसरला हे खरं: १९३३ च्या सुरुवातीचे ६० लाख पाचेक वर्षांत जवळजवळ नाहीसे झाले. कसे, ते पाहू. मंदीचा तळ १९३२ मध्येच गाठला गेला होता आणि सरकारी कामांच्या योजना आधीच्या सरकारांनी आखल्या होत्या. बायकोने नोकरी सोडली तर लग्नासाठी कर्ज मिळायचं, म्हणजे ती यादीतून गेली. ज्यूंना नोकऱ्यांवरून काढलं, ते मोजलेच नाहीत. १९३५ मध्ये लष्करभरती सक्तीची झाली आणि लाखो तरुण बराकीत गेले. २ मे १९३३ ला कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्यावर मजुरी वाढवून मागणारंही कुणी उरलं नाही.

रस्त्यांचं म्हणाल तर आयत्या बिळावर नागोबा. कोलोन ते बॉन हा मोटाररस्ता ऑगस्ट १९३२ मध्ये कोलोनचे महापौर कोनराड आडेनाउअर यांनी खुला केला होता.

खरा पैसा शस्त्रांत गेला, तोही हिशेबात न दाखवता. 'मेफो' नावाची दहा लाख मार्क भांडवलाची कागदी कंपनी काढली. तोफा-विमानं बनवणाऱ्या कारखान्यांना तिच्या हुंड्या दिल्या जात आणि त्या वटवण्याची हमी सरकारी बँकेची. अशा सुमारे १२०० कोटी मार्कांच्या हुंड्या निघाल्या. १९३८ पासून त्यांची मुदत भरू लागली, परकीय चलन आटलेलं होतं, आणि व्हिएन्ना आणि प्राग इथल्या बँकांमधलं सोनं त्यानंतर लवकरच बर्लिनच्या हाती आलं. ही भरभराट होती, पण उधारीची, आणि उधारी शेजाऱ्यांच्या घरातून फेडायची होती.

८. जपानचा हुकूमशहा कोण? तोजो की सम्राट?

एकही नाव पुरेसं नाही. जपानमध्ये संसद होती, निवडणुका होत होत्या, आणि तरीही देश युद्धात गेला. कारण सैन्यावर मंत्रिमंडळाची हुकमत नव्हती. १८ सप्टेंबर १९३१ ला मुकडेनजवळ आपल्याच रेल्वेमार्गावर स्फोट घडवून तिथे तैनात असलेल्या जपानच्या क्वांटुंग सैन्याने चीनचा मांचुरिया घ्यायला सुरुवात केली, टोकियोला न विचारता. टोकियोने मागाहून मान डोलावली. पुढच्या वर्षी १५ मेला पंतप्रधान इनुकाई त्सुयोशी यांना तरुण नौदल अधिकाऱ्यांनी त्यांच्या निवासस्थानी गोळ्या घातल्या. खटल्यात मारेकऱ्यांना देशभक्त म्हणून सहानुभूती मिळाली आणि शिक्षा सौम्य झाल्या. १९३६ पासून युद्धमंत्री सेवेतलाच सेनाधिकारी हवा हा नियम परत आला. सैन्याने नाव दिलं नाही की मंत्रिमंडळ बनतच नसे.

हिदेकी तोजो ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधान झाला आणि प्रशांत महासागरातलं सायपान बेट अमेरिकेच्या हाती पडल्यावर जुलै १९४४ मध्ये घरी गेला. हुकूमशहाला असं घरी पाठवता येत नाही.

९. कम्युनिस्ट आणि नाझी कट्टर वैरी. मग १९३९ मध्ये करार कसा झाला?

दोघांनाही करार हवा होता, कारणं वेगळी. हिटलरला पोलंडवर हल्ला करताना दुसरी आघाडी नको होती. स्टालिनला वेळ हवा होता आणि जमीनही. २३ ऑगस्ट १९३९ च्या करारासोबत एक गुप्त पुरवणी होती: पोलंडची वाटणी, बाल्टिक देश कुणाच्या कक्षेत, वगैरे. ती अस्तित्वात होती हे मॉस्कोने १९८९ पर्यंत मान्य केलं नाही. १ सप्टेंबरला पश्चिमेकडून जर्मन आणि १७ ला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडमध्ये शिरल्या.

या पुरवणीचा एक धागा थेट कोल्हापूरला येतो. पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेलं होतं. हिटलरने १९४१ मध्ये रशियावरच हल्ला केल्यावर स्टालिनला पोलिश सरकारशी जुळवून घ्यावं लागलं आणि त्यांची सुटका झाली. त्यांतले काही इराणमार्गे हिंदुस्थानात आले. कोल्हापूरजवळच्या वळिवडे इथल्या छावणीत १९४३ ते १९४८ सुमारे ५,००० पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. शहरातल्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे.

१०. मंदी तर सगळ्यांनाच बसली. मग काही देश कसे वाचले?

अमेरिका आणि ब्रिटन यांची उदाहरणं नेहमी दिली जातात, पण तिथे लोकशाही जुनी होती. फिनलंड आणि बेल्जियम यांच्याकडे पाहिलं तर जास्त कळतं.

फिनलंडमध्ये 'लापुआ' चळवळ फॅसिस्टांच्या वळणाने चालली होती. १९३२ मध्ये तिच्या हत्यारबंद लोकांनी मॅन्टसॅला इथे बंड पुकारलं. राष्ट्राध्यक्ष स्विनहुवूद स्वतः उजवे, कम्युनिस्टांचे कट्टर विरोधक. म्हणजे फिनलंडचे हिंडेनबुर्गच म्हणा. पण त्यांनी रेडिओवरून बंडखोरांना घरी जायला सांगितलं, जे जातील त्यांना शिक्षा होणार नाही असं आश्वासन दिलं आणि म्होरक्यांना पकडलं. चळवळीवर बंदी आली.

बेल्जियममध्ये लेओं देग्रेल या फॅसिस्ट पुढाऱ्याने १९३७ मध्ये ब्रुसेल्सची पोटनिवडणूक मुद्दाम घडवून आणली. कॅथॉलिक, उदारमतवादी, समाजवादी, अगदी कम्युनिस्टसुद्धा पंतप्रधान व्हान झीलांड यांच्या मागे उभे राहिले आणि देग्रेलला पाचातलं एक मतही मिळालं नाही. बर्लिनमध्ये मात्र कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट १९३२ पर्यंत एकमेकांनाच मुख्य शत्रू समजत होते.

माझं मत विचाराल तर दोन्हीकडे निकाल लावला तो प्रस्थापित उजव्यांनी. त्यांनी 'नाही' म्हटलं तिथे फॅसिस्ट अडले.

११. राष्ट्रसंघ काय करत होता?

ठराव. देशांमधले तंटे शांततेने मिटवावेत म्हणून पहिल्या महायुद्धानंतर ही संघटना उभारली होती. मांचुरियाप्रकरणी लिटन आयोग नेमला, अहवाल यायला वर्ष गेलं. फेब्रुवारी १९३३ मध्ये ४२ विरुद्ध १ मतांनी तो मंजूर झाला आणि तो एक म्हणजे जपान सभागृहातून निघून गेला.

ॲबिसिनियाचं (आजचा इथिओपिया) प्रकरण जास्त लाजिरवाणं. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने हल्ला केला, मोहरीवायू वापरला. संघाने निर्बंध घातले, पण त्यांत तेल नव्हतं, आणि इटलीची जहाजं ज्या सुएझ कालव्यातून जात होती तो बंद केला नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ३० जून १९३६ ला सम्राट हैले सेलासी जिनिव्हात बोलायला उभे राहिले तेव्हा इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या मारल्या. दरम्यान, मार्चमध्ये, सगळ्यांचं लक्ष आफ्रिकेकडे असताना हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे व्हर्सायच्या तहाने जर्मन सैन्याला बंदी असलेल्या पट्ट्यात, सैन्य घुसवलं होतं.

१२. चेंबरलेन भित्रा होता का?

भित्रा नव्हता, हिशेबी होता आणि हिशेब चुकला. सप्टेंबर १९३८ मध्ये वयाच्या ६९ व्या वर्षी हा ब्रिटिश पंतप्रधान तीन वेळा विमानाने जर्मनीला गेला आणि अखेर म्युनिकच्या बैठकीत चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन वस्तीचा सुडेटनलँड हिटलरला द्यायला कबूल झाला. ब्रिटनमध्ये पहिल्या युद्धात लाखो घरांनी मुलगा किंवा भाऊ गमावला होता, हवाईदल अपुरं होतं, आणि आशियात जपानही समोर होता. म्युनिकहून तो परतला तेव्हा लोकांनी रस्त्यावर गर्दी करून स्वागत केलं, हे विसरून चालणार नाही.

पण ज्यांचा देश कापला जात होता त्या चेकोस्लोव्हाकियाला बैठकीत जागा नव्हती. त्यांचे प्रतिनिधी हॉटेलात निकालाची वाट पाहत बसले. सुडेटनलँडबरोबर डोंगरातली तटबंदी गेली. १५ मार्च १९३९ ला जर्मन फौजा प्रागमध्ये शिरल्या आणि स्कोडाचे तोफांचे कारखाने आयते मिळाले. याचा बर्लिनमध्ये आणखी काय परिणाम झाला, ते पुढच्या उत्तरात.

१३. हुकूमशाही असली की युद्ध होणारच का?

नाही. प्रश्न १४ आणि १५ त्याचे पुरावे आहेत. पण जर्मनीत काय घडलं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे.

५ नोव्हेंबर १९३७ ला हिटलरने निवडक लोकांना बोलावून ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकिया गिळण्याचा बेत सांगितला. युद्धमंत्री ब्लोमबेर्ग, सेनाप्रमुख फ्रिट्श आणि परराष्ट्रमंत्री नॉयराट यांनी शंका काढल्या. तीन महिन्यांत तिघेही पदावरून गेले. ऑगस्ट १९३८ मध्ये लष्कराच्या जनरल स्टाफचे प्रमुख लुडविग बेक यांनी राजीनामा दिला. हे युद्ध जर्मनीला बुडवेल असं त्यांचं म्हणणं होतं, आणि म्युनिकच्या फुकटच्या विजयाने त्यांच्यासारखे लोक मूर्ख ठरले. जानेवारी १९३९ मध्ये खर्च आवरा म्हणणारे सरकारी बँकेचे प्रमुख श्याख्ट गेले. उरले ते होयबा. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप तर ब्रिटन लढणार नाही असं छातीठोक सांगत होता. ३ सप्टेंबरला ब्रिटनचा निर्वाणीचा खलिता दुभाषा पॉल श्मिटने वाचून दाखवला, तेव्हा हिटलर बराच वेळ गप्प होता आणि मग रिबेनट्रॉपकडे वळून 'आता काय?' असं म्हणाला, अशी आठवण श्मिटने लिहून ठेवली आहे.

स्टालिनचंही तेच. १९३७-३८ च्या कत्तलीत त्याने आपलेच सेनानी मारले. जून १९४१ मध्ये जर्मन हल्ल्याची खबर देणारा हेरखात्याचा अहवाल त्याने वर शिवी लिहून परत पाठवला. पाच-सहा दिवसांत हल्ला झाला. सोव्हिएत संघाची माणसं गेली ती सुमारे २ कोटी ७० लाख.

१४. मग फ्रँको आणि सालाझार युद्धात का पडले नाहीत?

स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याचा देश तीन वर्षांच्या यादवीने मोडला होता. ऑक्टोबर १९४० मध्ये फ्रान्सच्या सीमेवरच्या आंदाय इथे हिटलरला भेटल्यावर त्याने धान्य, तेल, शस्त्रं आणि मोरोक्को अशी लांबलचक यादी पुढे केली आणि सौदा फिसकटला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने दोन्ही बाजूंना टंगस्टन विकलं आणि १९४३ मध्ये अझोर्स बेटांवर ब्रिटनला तळ दिला.

त्या तटस्थतेचा अनुभव तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात असलेल्या गोव्याने जवळून घेतला. 'एहरेनफेल्स' आणि आणखी दोन जर्मन जहाजं, तसंच एक इटालियन, युद्ध सुरू झाल्यापासून मुरगाव बंदरात आश्रयाला होती. 'एहरेनफेल्स'वरून हिंदी महासागरातल्या पाणबुड्यांना बिनतारी संदेश जात असल्याचा ब्रिटिशांना संशय होता. तटस्थ बंदरात नौदल पाठवता येईना, म्हणून ९ मार्च १९४३ च्या पहाटे 'कलकत्ता लाइट हॉर्स'चे प्रौढ, हौशी स्वयंसेवक एका जुन्या बार्जमधून आले आणि जहाजावर चढले. 'एहरेनफेल्स' बुडालं, उरलेली जहाजं त्यांच्या खलाशांनीच पेटवून दिली.

युद्ध टाळल्यामुळे सालाझार टिकला. गोवेकरांनी त्याची किंमत १९ डिसेंबर १९६१ पर्यंत मोजली.

१५. पोलंड आणि ग्रीस लोकशाही देश होते ना?

नव्हते. पोलंडवर पिल्सुद्स्कीच्या १९२६ च्या बंडापासून लष्करी वळणाची राजवट होती आणि ग्रीसमध्ये १९३६ पासून मेटाक्सासची हुकूमशाही. २८ ऑक्टोबर १९४० च्या पहाटे इटलीच्या राजदूताने निर्वाणीचा खलिता आणून दिल्यावर मेटाक्सासनेच नकार दिला. ग्रीसमध्ये तो दिवस आजही 'नकाराचा दिवस' म्हणून सुट्टीचा असतो. 'लोकशाही विरुद्ध हुकूमशाही' हे वर्णन सोयीचं आहे, पण दोस्तांच्या बाजूला स्टालिन होता आणि वसाहती सांभाळणारी साम्राज्यंही होती.

१६. युद्ध १९३९ मध्ये सुरू झालं की १९३७ मध्ये?

परीक्षेत १ सप्टेंबर १९३९ लिहा. चिनी माणसाला विचाराल तर तो ७ जुलै १९३७, बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी चिनी आणि जपानी सैन्यांत झालेली चकमक, असं सांगेल आणि त्याचं म्हणणं टाकण्यासारखं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, ते याच युद्धातल्या जखमींसाठी. पाच डॉक्टरांच्या त्या पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले, वयाच्या ३२ व्या वर्षी.

१७. पर्ल हार्बरवर हल्ला जपानने केला. मग हिटलर अमेरिकेविरुद्ध का उतरला?

करारात तसं बंधन नव्हतं. १९४० चा त्रिपक्षीय करार मित्रावर हल्ला झाला तर मदतीचा होता, मित्राने हल्ला केला तर नव्हे. तरीही ११ डिसेंबर १९४१ ला त्याने युद्ध पुकारलं. अटलांटिकमध्ये अमेरिकेशी चकमकी चालूच होत्या आणि अमेरिका जपानमध्ये गुंतेल असा त्याचा अंदाज होता. त्याला अडवायला कोण होतं, ते प्रश्न १३ मध्ये आलं आहे.

१८. भारताला कुणी विचारलं होतं का?

नाही. ३ सप्टेंबर १९३९ ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारत युद्धात असल्याचं परस्पर जाहीर करून टाकलं. निषेध म्हणून प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबईत बाळासाहेब खेर यांचं सरकार नोव्हेंबरमध्ये पायउतार झालं. तरी पुढे २५ लाखांवर सैनिक भरती झाले. मुसोलिनीच्या देशात मराठा पलटणींतले दोघे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले. रायगडमध्ये माणगावला त्यांचा पुतळा आहे. शिपाई नामदेव जाधव यांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीकाठी गोळीबारातून जखमी साथीदारांना उचलून आणलं.

१९. हिटलरला भारताबद्दल सहानुभूती होती असं ऐकलंय. आणि आपल्याकडच्या नेत्यांचं काय?

सहानुभूती नव्हती. भारत दुसऱ्या कुणापेक्षा इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, असं त्याने 'माइन काम्फ'मध्ये लिहिलं आहे. फुटपाथवर ते पुस्तक विकत घेणाऱ्यांनी ते पान वाचलेलं दिसत नाही. १९३७ मध्ये भेटीला आलेले ब्रिटिश मंत्री लॉर्ड हॅलिफॅक्स यांना त्याने गांधींना गोळी घाला असा सल्ला दिला होता.

नेत्यांचं चित्र सरसकट नाही. डॉ. बा. शि. मुंजे मार्च १९३१ मध्ये मुसोलिनीला भेटले, बालिल्लाच्या संस्था पाहून प्रभावित झाले आणि पुढे नाशिकला त्यांनी भोसला मिलिटरी स्कूल काढलं. त्याच वर्षी डिसेंबरात गांधीजीही रोममध्ये मुसोलिनीला भेटले. नेहरूंनी १९३६ मध्ये भेटीचं निमंत्रण टाळलं. सुभाषबाबू मे १९४२ मध्ये हिटलरला भेटले. स्वतंत्र भारताला पाठिंब्याची ठाम घोषणा त्यांना मिळाली नाही आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ते पाणबुडीने पूर्वेकडे निघाले. डॉ. आंबेडकर आणि मानवेंद्रनाथ रॉय यांना नाझींचा विजय हे मोठं संकट वाटत होतं.

भारताची घटना लिहिताना जर्मनीची आठवण होतीच. आणीबाणीच्या तरतुदींवर संविधान सभेत बोलताना हरी विष्णू कामथ यांनी वायमार घटनेचा दाखला दिला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी राजकारणातली विभूतीपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असं बजावलं.

२०. मुसोलिनीला हटवता आलं, मग हिटलरला का नाही?

कारण इटलीत हटवणारं कुणी तरी पदावर शिल्लक होतं. दोस्त फौजा सिसिलीत उतरल्यावर २४ जुलै १९४३ च्या रात्री फॅसिस्ट महापरिषद भरली. दिनो ग्रांदीच्या ठरावाच्या बाजूने १९ मतं पडली. त्यांत मुसोलिनीचा जावई चानो होता. दुसऱ्या दिवशी मुसोलिनी नेहमीप्रमाणे राजाला भेटायला गेला. ज्या राजाने १९२२ मध्ये सही केली नव्हती त्यानेच त्याला बडतर्फ केलं आणि रुग्णवाहिकेत बसवून अटकेत पाठवलं. एकवीस वर्षं घटनेतला हा अधिकार त्याच्याकडे होताच.

जर्मनीत २ ऑगस्ट १९३४ ला हिंडेनबुर्ग वारले, त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षपद हिटलरने आपल्यात विलीन केलं आणि सैनिकांनी शपथ घेतली ती घटनेची नव्हे, त्याच्या नावाची. मंत्रिमंडळाची बैठक १९३८ नंतर झाली नाही. त्यामुळे उरला फक्त बॉम्ब. ८ नोव्हेंबर १९३९ ला गेओर्ग एल्सर या सुताराने म्युनिकच्या सभागृहातल्या खांबात लपवलेला बॉम्ब फुटला, तेव्हा हिटलर निघून १३ मिनिटं झाली होती. २० जुलै १९४४ ला श्टाउफेनबेर्ग या सेनाधिकाऱ्याचा बॉम्ब त्याच्या टेबलाखाली फुटला आणि तो वाचला. कटाची चाहूल लागलेले बरेच सेनानी त्या दिवशी कुंपणावर बसून होते. शपथ घेतली आहे, ती मोडता येत नाही, असं त्यांतल्या काहींचं म्हणणं होतं.